नानांच्या मोबाईलवर माझी वेबसाइट

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

डोकं अजून तापलेलंच आहे. आज फैजपूरच्या टपरीवर माझ्या मयुरीचे वडील, नाना, चारचौघांत मला म्हणाले, "कॉलेज सोडलं, दिवसभर मोबाईल घासत रायतो. अशाले पोरगी कोन देईन रे?" सगळे हसले. मी तडक उठलो, तेवढ्यात नानांच्या बागेतली केळी घ्यायला व्यापारी आला. नानांनी त्याच्या नाकासमोर मोबाईल धरला. "भाव मले नको शिकवू. हे पाय, अठी लिव्हेल हाये!"

पाहतो तर माझीच वेबसाइट! रोज सकाळी फोनाफोनी करून तो भाव मीच टाकतो. लोक गूगलवर शोधतात तो 'जळगाव केळी भाव' हा कीवर्ड धरला असता तर लोक जास्त आले असते, जाहिराती चालल्या असत्या. पण मी 'फैजपूर केळी भाव' धरला, कारण गाव मयुरीचं. वाचक मूठभर, आणि त्यात हे नाना!

साइट माझी आहे, हे तिथंच का नाही सांगितलं? मघाशी रागात उद्यासाठी खोटा, पडलेला भाव लिहिला. मग खोडला. नानांचं नुकसान म्हणजे तिच्याच घरचं. पण खरं कळल्यावर त्यांनी साइट उघडणंच सोडलं तर?

सोडू देत. उद्या भावाखाली माझा फोटो आणि पूर्ण नाव टाकणार. मयुरीला आत्ताच मेसेज केलाय, सकाळी नाना साइट उघडतील तेव्हा जवळच थांब.