विहिरीची पहिली बादली

रत्नागिरी,
९ मे

प्रिय जिनदास,

पाकिटावरचा शिक्का पाहून तू चष्मा पुसला असशील. मी अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात आहे अशी तुझी समजूत, आणि ती मीच करून दिलेली. डोळे माझे ठणठणीत आहेत. गेले नऊ दिवस मी तुझ्या कृतिकाच्या घरी मुक्कामाला आहे. लगेच कागदाची घडी घालू नकोस. फोनवर तिचं नाव निघालं की तू फोन ठेवतोस, म्हणून तर लिहायला बसलो. तुझ्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं जुळवत वाचायला शिकलेला माणूस मी, कुठं काना-मात्रा चुकली तर तुझ्याच रद्दीचा दोष समज.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. पोरीनं शिरपूरचं दुकान सोडून समुद्राकाठच्या शहरात पाहुण्यांसाठी घर काढलं, तेव्हा तू म्हणालास, मासे खाणाऱ्यांच्या गावात, दहा ठिकाणच्या लोकांच्या राबत्यात, हिच्याकडं पाणीसुद्धा गाळलेलं राहायचं नाही. आणि देवासमोर नियम घेतलास, की तिच्या घरच्या पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. चार वर्षं झाली. नियम तू चोख पाळलास. पण संध्याकाळची वाशीमची एसटी आली की तुझ्या हातातलं माप तसंच अधांतरी राहतं, हे मी समोरच्या ओट्यावरून रोज पाहतो. ते बघवेना म्हणून निघालो. वहिनींना तेवढं ठाऊक होतं. त्यांनी पापड आणि पाणी गाळायचं नवं जाड कापड पिशवीत घातलं आणि तोंड फिरवून आत गेल्या. त्यांच्यावर रागावशील तर गाठ माझ्याशी आहे.

घराच्या पाटीवर ‘पर्यावरणपूरक निवास, मुक्काम आणि न्याहारी’ असं लिहिलंय. इतका जड शब्द पाहून मी जरा बिचकलो. आत गेलो, तर गड्या, तुझंच घर! भांडी राखेनं घासलेली. आंघोळीचं पाणी केळीच्या मुळाशी. गारव्याची यंत्रं नाहीत, जांभ्या दगडाच्या भिंती आणि वर कौलं. अंगणात मोठा दिवा नाही, किडे येऊन मरतात म्हणून. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. कांदा-लसूण घराच्या उंबऱ्याआत येत नाही. पाहुण्यांना ती रात्रीचं जेवण देत नाही, हे मला आधी खटकलं होतं. मग उमगलं, दिवस मावळल्यावर चूल पेटवावी लागू नये म्हणून तिनं नुसती न्याहारीच ठेवली आहे. बंगळूरच्या एका जोडप्यानं तिला विचारलं, हे सगळं कुठल्या संस्थेत शिकलात? ती हसून म्हणाली, घरी.

दुसऱ्याच दिवशी मी माती खाल्ली. विहिरीवर पाणी गाळलं, आणि कापडात राहिलेलं ओंजळभर पाणी टाकलं जास्वंदीच्या मुळाशी. शेतकऱ्याचा हात, पाणी दिसलं की झाडाकडं वळतो. मागून आवाज आला, “काका, त्या पाण्यातले जीव कोरड्यात काहून टाकले? ज्या हिरीतले, त्याच हिरीत गेले पायजे.” पाहुण्यांसमोर असं झापलं मला! आणि मी वेड्यासारखा हसत उभा, कारण आवाज तिचा होता पण बोलत तू होतास. लहानपणी तुझ्या विहिरीवर मी हेच केलं होतं आणि तू असाच कावला होतास. मग तिनं बुडाला कडी असलेली बादली आणली, तुझ्याकडं आहे तशीच. त्यात ते पाणी घेऊन विहिरीत अगदी खाली सोडायचं, बादली पाण्याला टेकली की बुडाच्या कडीला बांधलेल्या दोरीला हिसका द्यायचा, बादली उलटते आणि जीव उंचावरून न आपटता घरी पोचतात. ही बादली इथं कुणी पाहिलेली नव्हती. तिनं नुसत्या आठवणीवर लोहाराकडून करून घेतली. तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली.

गल्लीनं आधी तिची फार थट्टा केली म्हणे. समोरच्या केशरबाई तर तिला ‘किड्यांची आई’ म्हणायच्या. हिच्या विहिरीला मोटार नाही, पाहुण्यांनीही रहाटानंच ओढायचं, याचंही लोकांना हसू. पण यंदा एप्रिलमध्ये गल्लीतल्या मोटारीच्या विहिरी एकेक करून खारट झाल्या. गोडं पाणी उपसलं की खालून समुद्र आत शिरतो, असं इथले जाणकार सांगतात. चहासुद्धा फाटायला लागला. हिची विहीर मात्र गोडच राहिली. पहिली घागर घेऊन कोण आलं असेल? केशरबाई. कृतिकानं जुनं काही काढलं नाही. तिनं एकच अट घातली. हातानं ओढायचं, कापडानं गाळायचं, आणि कापडातलं पाणी कडीच्या बादलीनं परत सोडायचं.

आता सकाळी इथं येऊन बघ. तिच्या हाताखाली रूपाली म्हणून पोरगी आहे, होडीवाल्याच्या घरातली, ती रांगेतल्या नव्या माणसाला शिकवते. काल एक नाखवा आला होता, दंड असे की आपला बैल लाजावा. तो श्वास रोखून ती बादली इंच इंच खाली सोडत होता, आणि मागच्या बाया त्याला दटावत होत्या, हळू, अजून हळू. जिनदास, ज्या गल्लीत रोज माशांच्या टोपल्या उतरतात, त्या गल्लीत आज न गाळलेलं पाणी कुणी पीत नाही. तू एका घरात पाणी गाळलं जाणार नाही म्हणाला होतास. तुझ्या लेकीनं अख्खी गल्ली गाळायला बसवली. माझी छाती एवढी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटली. रूपालीनं ती परत शिवून दिली.

आता पत्राचं खरं कारण. गल्लीच्या तोंडाशी एक जुनी सार्वजनिक विहीर आहे, कित्येक वर्षं कचऱ्यानं भरलेली. लोकांनी महिनाभर खपून ती उपसली, तळाशी गोडा झरा लागला. मोटार बसवायची नाही असं ठरलं. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहिलं पाणी काढायचं, आणि ते कृतिकानं काढावं असा आग्रह धरायला परवा सगळे आले होते. ती म्हणाली, “हे मले माह्या बाबानं शिकवलं. पयली बादली त्यायच्याच हातची पायजे. पण मी त्यायले बोलावनार नाई. माह्यापायी त्यायचा नियम मोडू नये.” आणि उठून आत गेली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तुला न विचारता सांगून टाकलं, तो येतोय. दोन दिवस विचार केला, तेव्हा माझ्या अडाणी डोक्याला कळलं की मी काही चुकीचं बोललो नाही. ती विहीर गल्लीची आहे. ते पाणी गल्लीचं आहे, कृतिकाच्या घरचं नाही. तू पहिली बादली काढ, तुझ्या हातानं गाळ, जीव परत सोड आणि तिथंच उभं राहून दोन घोट पी. तुझ्या नियमाला धक्का लागत नाही. तिथून तिचं दार वीस पावलांवर आहे. ती पावलं टाकायची की नाही, ते तू आणि वहिनी बघा. मी मधे बोलणार नाही, स्टेशनवर तेवढा उभा असेन.

तुझ्याआधी तुझ्या लेकीच्या घरचं पाणी पोटभर पिऊन बसलेला,
तुझाच
उकंडराव