बाल्कनीतली मावशी

मॉस्को, २० सप्टेंबर २००९

ती. कापामावशीस,
आग्न्यूशाचा सा. न. वि. वि.

मुरांबा पोचला नि संपलाही. बातमी अशी, की मी टेनिस सोडतेय. डोळ्यांना पदर लावू नकोस, मी नाही रडले. खांद्यावर दोनदा सुरी फिरलीय, आता तो कुरकुरतो. पण वोल्स्कच्या शाळेमागच्या भिंतीवर चेंडू बडवणारी पोर लंडनच्या हिरवळीवर उपांत्य फेरीपर्यंत गेली, पॅरिसच्या लाल मातीत भल्याभल्यांना घाम फोडून आली. मी तृप्त आहे बघ.

एकच राहिलंय. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, रॅकेटची तार तुटली तर मासे धरायचा दोरा ओवून दिलास, आणि व्यावसायिक झाल्यापासून सोळा वर्षांत माझा एकही सामना पाहिला नाहीस. पुढच्या महिन्यात इथे माझी शेवटची स्पर्धा आहे. सोबत रेल्वेचं तिकीट आहे. यायचंच.

लोभ आहेच, तो डोळ्यांनी दाखवायला ये.
तुझी, आग्न्यूशा

वोल्स्क, २९ सप्टेंबर

चि. आग्न्यूशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तिकीट शेजारच्या फाईनाला दे. माझा कोबी खारवायचा राहिलाय, गुडघे बोंबलतायत.

आता खरं कारण ऐक. साराटोव्हच्या स्पर्धेत, तू पंधराची असताना, मी पुढच्या रांगेत बसले होते. तू सपाटून मार खात होतीस. मी बाहेर जाऊन सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले, तर तू जिंकायला लागलीस! आत आले, की पुन्हा हार. तेव्हाच कळलं, माझी नजर तुला लागते. तेव्हापासून तुझा सामना असला, की मी बाल्कनीत. नाकाचा बर्फ झाला तरी बाल्कनीत! फाईना टीव्ही बघते आणि तू जिंकलीस की लाटण्यानं भिंत बडवते. मला तेवढं पुरतं. शेवटच्या खेळाला नाट लावायला मी यायची नाही.

खांद्याला बदकाची चरबी चोळ.
मावशी

मॉस्को, ६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

अगं बाई, साराटोव्हला समोरचीला दम लागला म्हणून मी जिंकत होते, आणि तिनं श्वास घेतला म्हणून हरले! तुझ्या नजरेत एवढी ताकद असती, तर फाईनाची मांजर तुझे मासे पळवून जिवंत राहिली असती का?

मला कप जिंकायचा नाही, कपाटात जागाही नाही. हरले तर तुझ्यासमोर हरेन. पण एकदा तू बघायला हवंस, नाहीतर एवढं सगळं कुणासाठी खेळले? निघण्याआधी रीतीप्रमाणे घटकाभर बस आणि मग मागे न बघता नीघ.

वाट बघतेय.
आग्न्यूशा

वोल्स्क, २४ ऑक्टोबर

चि. आग्न्यूशास,
आशीर्वाद, पण रागानं.

पहिल्या सामन्याला मी आले. सामनाभर जीव मुठीत धरून बसले, आणि तू त्या वीस वर्षांच्या लंबूटांग पोरीला लोळवलंस! लहानपणी नव्हतं, पण आता चेंडू मारायच्या आधी डावा खांदा जरासा उचलतेस, अगदी तुझ्या आईसारखा. पाव कापताना ती अस्साच उचलायची. मेल्या फाईनानं हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाही. मी तिथेच हमसून रडले, शेजारच्या साहेबांनी रुमाल दिला. इकडे फाईना रिकाम्या घराची भिंत बडवत होती!

मग मला दुर्बुद्धी सुचली. उगाच दैवाची परीक्षा नको, म्हणून तू नको नको म्हणत असताना रात्रीच्या गाडीनं परत आले. दुसऱ्या सामन्याला आपली नेहमीची बाल्कनी. लाटणं वाजेना. शेवटी फाईनाच डोळे पुसत दारात आली.

म्हणजे मी बघितलं तर जिंकलीस, नाही बघितलं तर हरलीस! मग सोळा वर्षं थंडीत मी तिथे काय झक मारत उभी होते? तो खांदा मी एकदाच पाहिला गं. एकदाच.

तुझी,
मावशी

मॉस्को, ३० ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हरले, कारण समोरची चांगली खेळली. पण तुला हे पटणार नाही, आणि या खेपेला मला पटवायचंही नाही.

पुढच्या शनिवारी सामानासकट घरी येतेय. शाळेमागच्या मैदानावर पोरांना शिकवणार आहे, मुख्याध्यापिकेशी बोलणं झालंय. जाळ्याजवळ एक खुर्ची ठेवायला सांगितलीय, पाठ असलेली, तुझ्या गुडघ्यांसाठी. रोज सकाळी तिथे बसायचं आणि खांदा बघायचा, कंटाळा येईस्तोवर.

आल्या आल्या पहिलं काम, बाल्कनीच्या दाराला खिळे ठोकणार आहे. हातोडी फाईनाकडून आणून ठेव.

तुझीच,
आग्न्यूशा