उपवासाची कढई

७ एप्रिल, सोमवार

आज खोटं बोलले. चक्क तोंड वर करून! आणि त्याच्या बदल्यात मिळाले फ्रेंच फ्राईज — गरम, कुरकुरीत, कागदाच्या द्रोणात. रस्त्यावर उभं राहून काही खाल्ल्याला दोन वर्षं झाली होती.

झालं असं. दिवसभर एका बंगल्याचा प्लॅन काढून डोळे भगभगत होते. ऑफिसातून खाली उतरले तर कोपऱ्यावर नवा गाडा. वडापाव, भजी, ब्रेड पकोडा, आणि कॉलेजच्या पोरांसाठी फ्राईज. वासाने पाय थबकले. एरवी मी असल्या गाड्यांसमोरून मान खाली घालून जाते. मला सिलिॲक आहे. गहू म्हणजे पोटात विषच — पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. बटाटा चालतो, पण ज्या तेलात ब्रेड पकोडा तळला त्या तेलातला चालत नाही. आता हे लोकांना कसं सांगायचं? सांगून सांगून घसा बसला माझा. 'मैदा नाही गं, रव्याचा आहे!' 'पोळी नको तर फुलका देऊ का?' 'एवढ्याशाने काय होतंय!' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला माझं पोट एक दिवस भाड्याने द्यावं असं वाटतं.

म्हणून तोंडातून निघून गेलं — "मावशी, उपवास आहे."

आणि काय सांगू! बाईंनी एक प्रश्न विचारला नाही. हात धुतले. गाड्याखालून वेगळी कढई काढली, तेलाची नवी पिशवी फोडली, सुरी विसळली, नवे बटाटे घेतले. वर मलाच समजावतात — "त्या कढईतलं नाय चालायचं ताई, त्यात पाव तळलाय." मला! मला सांगतायत! रडूच यायचं बाकी होतं.

८ एप्रिल

पोट शांत. देव भलं करो त्या बाईंचं.

१० एप्रिल, गुरुवार

आज दत्ताचा उपवास. (म्हणजे सांगायला.)

बाईंचं नाव लंकाबाई. वणीच्या. मुलगा-सून इथे बांधकामावर, म्हणून त्याही आल्या आणि गाडा टाकला. त्यांचं काम बघत राहावं असं आहे. बटाटा चिरून पाण्यात टाकतात, पाणी पांढरं झालं की बदलतात, मग काड्या फडक्यावर पसरून एकेक टिपून घेतात. एकदा मंद आचेवर तळून बाहेर. थंड झाल्या की पुन्हा कडकडीत तेलात. वर सैंधव मीठ. दाताखाली कुरकुर आवाज होतो आणि आत लोण्यासारखं मऊ. त्या मॉलमधल्या पाकिटातल्या फ्राईजना मैदा चोपडलेला असतो कुरकुरीतपणासाठी — खाऊन चार दिवस आडवी झाले होते. इथे नुसता बटाटा आणि बाईंचा हात!

किशोर ओझरहून, फॅक्टरीतून आल्यावर त्याला सांगितलं. हसून हसून नवरा बेजार. "सरळ आजार आहे म्हणून सांग ना उज्वला." म्हटलं, तू आधी तुझ्या आत्याला समजावून दाखव. दोन वर्षं झाली, अजून करंज्या पाठवते.

१६ एप्रिल, बुधवार

पकडले गेले!

सोमवार महादेवाचा झाला, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आज बुधवार आहे हे डोक्यातच नाही. लंकाबाई कढई काढता काढता म्हणाल्या — "आज कोणाचा वो ताई?" माझी बोबडी वळली. "नवस आहे," म्हटलं. "कोणाचा?" बाई वणीच्या, माझ्या तोंडून गडच निघाला — "सप्तशृंगीचा. वर्षभर धान्याला शिवायचं नाही बाहेर."

लंकाबाईंनी झाऱ्यासकट हात जोडले. माझ्याकडे बघून! मला जमिनीत जावंसं वाटलं. फ्राईज मात्र संपवले. तेही सगळे.

१७ एप्रिल

नवसाची बाई म्हणे! सटाण्याला आईला कळलं तर येऊन कान धरेल.

३ जून, मंगळवार

सटाण्याला चुलतभावाचं लग्न करून आले. मांडवात स्वतःचा डबा घेऊन बसले, नेहमीसारखी. आईने जाताना-येताना तोंडावरून हात फिरवला. "तुना जीव बरा शे ना?" बरा आहे, म्हटलं. आणि खरंच आहे! गाल भरलेत. लहानपणापासून तिने मला काडी म्हणूनच ओळखलं. चौतिसाव्या वर्षी आजाराचं नाव कळलं, तोवर सगळे म्हणायचे, हिच्या अंगाला काही लागतच नाही.

बाहेरचं खाऊन माणूस जाडा होतो म्हणतात, मी बाहेरचं खाऊन माणसात आले. खरंतर पोट भरलं यापेक्षा सुख वेगळंच आहे. चारचौघांत उभं राहून खायचं. हातात द्रोण, शेजारी पोरांच्या गप्पा, कोणी विचारत नाही की तू का खात नाहीस. हे लंकाबाईंमुळे. रोज मनात त्यांचे आभार मानते, तोंडावर एकदा मानायला हवेत.

२८ जुलै, सोमवार

श्रावणी सोमवार! लंकाबाईंनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवून घेतलीय — 'उपवासाचे फ्राईज'. ही रांग! माझ्या एकटीच्या कढईवर अख्ख्या रस्त्याची गर्दी. लंकाबाई सगळ्यांना सांगतायत, "ह्या ताईंमुळं सुरू झालं. लय कडक धरतात." लोक वळून बघतायत. मी बटाट्यासारखी लाल— नाही, बटाटा कुठे लाल असतो! बिटासारखी.

रांगेत ऑफिसातली सरिता. तिचा खरा उपवास. तिला माझा आजार माहीत आहे, रोज शेजारी बसून डबा खाते. आधी माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. कानात म्हणाली, "पापी बाई!" पण फुटली नाही कुठे. चांगली आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

आज हसण्यासारखं काही नाही.

गाड्यावर गर्दी नव्हती. लंकाबाईंनी द्रोण दिला आणि हात सोडलाच नाही. म्हणाल्या, "ताई, तुमचं देवी ऐकत आसंल. आमच्या रोशनीचं तेवढं तिच्या कानावर घाला." रोशनी त्यांची नात, पाच वर्षांची. कशी आहे, काय होतंय, कोणाकोणाला दाखवलं — बाई सांगत होत्या, डोळे पुसत होत्या. अंगाला लागत नाही, नजर लागली, टॉनिक झालं, अंगारा झाला, असं काहीसं. मी धड ऐकलंही नाही. ऐकणार कशी? कानात एकच घुमत होतं — मी कोणत्या तोंडाने देवीला सांगू? नवस नाही, उपवास नाही, सगळं फ्राईजसाठी!

"सांगते," म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

१४ ऑगस्ट

त्या रस्त्याने जात नाही. मागच्या गल्लीतून स्टॉपवर जाते. किशोर म्हणतो, जाऊन खरं सांगून टाक. पण खरं सांगितलं आणि त्यांनी कढई पुन्हा काढलीच नाही तर? देवीसाठी धुतात त्या ती कढई, माझ्या आतड्यासाठी थोडीच! लाज वाटते लिहायला, पण मला फ्राईजच आठवतायत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

लिहून काढते.

आज ठरवून गेले. म्हटलं, खरं सांगायचं, मग पडतील ती बोलणी खायची. गाड्याशेजारी स्टुलावर एक पोर बसलेली. हात काड्यांसारखे, पोट मात्र फ्रॉकमधून पुढे आलेलं. डोळ्यांखाली काळं. केस विरळ. हातात पाव, दुधात बुडवून हळूहळू खात होती.

सटाण्याच्या घरी अल्बममध्ये माझा फोटो आहे, ओट्यावर बसलेली. तीच पोर! तेच पोट!

"हीच रोशनी," लंकाबाई म्हणाल्या. "गावाला नागलीची (नाचणीची) भाकर खायची तवा बरी व्हती वो. हितं आणली आन् वाळत चालली. म्हणून दूध-पाव देते रोज, दोन्ही टायमाला चपाती. गव्हानं ताकद येती ना."

मग माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिथेच, उभ्या उभ्या. नवस नाही, मला आजार आहे, गव्हाचा. लहानपणी मी अशीच दिसायचे. हिला तोच असेल, नसेलही, पण तपासायला हवं, उद्याच्या उद्या.

लंकाबाईंनी गॅस बंद केला. "म्हंजी उपास नव्हता?"

"नाही."

"एक बी?"

"एकही नाही."

त्यांनी वाकून पोरीच्या हातातला पाव काढून घेतला. पोर रडायला लागली. आणि मलाच म्हणावं लागलं — "नका काढू, मावशी. तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर रिपोर्टात दिसत नाही." डॉक्टरांनी मलाही हेच सांगितलं होतं. लंकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि तो पाव परत पोरीच्या हातात दिला. आपल्या हाताने.

तो हात मी विसरणार नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

रोशनीला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. किशोरने रजा टाकली, स्वतः गाडी काढली. रोशनी माझं बोट धरून बसली होती, सुई टोचली तेव्हाही सोडलं नाही. रक्ताचा रिपोर्ट आला की पोटात दुर्बिणीने बघू म्हणाले. डॉक्टरांनी लंकाबाईंना सगळं मराठीत, सावकाश, चित्र काढून समजावलं. किती बरं वाटलं! किशोरचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचेच उपकार.

लंकाबाई येताना-जाताना खिडकीबाहेर बघत होत्या. घरापाशी उतरताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. रागावल्या असतील असं धरून बसले होते. मला आता काही कळेनासं झालंय.

२ सप्टेंबर

रक्तात निघालंय. उद्या दुर्बीण. सप्तशृंगी आई, आज खरंच तुझ्याशी बोलतेय. पहिल्यांदाच. पोरीला सांभाळ.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुर्बिणीचाही रिपोर्ट आला. तोच आजार. डॉक्टर म्हणाले, वय लहान आहे, गहू सुटला की भराभर सुधारेल. सांगायला धावत गाड्यावर गेले. लंकाबाईंनी ऐकलं, पदर तोंडाला लावून रडल्या, मग हसल्या. किती तरी वेळाने माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या —

"ताई, तुमी चैत्रापासनं येताय."

खरं तेव्हाच सांगितलं असतं, तर पोरीचा पाव पाच महिने आधीच सुटला असता. त्यांनी डोळे पुसले, आणि माझ्यासाठी बटाटे चिरायला घेतले.