तुमच्या ताईंना आवडलेले घर

रविवार, ४ मे २००३

चि. गोरखराव यांस दाजींचे म्हणजे सोमाजी गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

तिकडे मंचरला तुम्ही सगळे बरे असाल असे धरून चालतो, कारण बरे नसता तर तुमच्या ताईंना स्वप्न पडले असते आणि मला पहाटेची एस.टी. धरावी लागली असती. तुमच्या कंबरेचे काय झाले ते कळवा. इकडे आम्ही दोघे खुशाल, म्हणजे ताईंचे गुडघे सोडून आणि माझे डोके सोडून. गुडघ्यांना तेल चोळता येते. डोक्याचे काय करावे हे कळेना, म्हणून पत्र लिहायला बसलो.

माघात ताईंच्या छातीत धडधड झाली ते तुम्हाला माहीतच आहे. संध्याकाळची गाडी निघून गेली होती. शेजारच्या दादाभाऊंच्या जीपमधून जुन्नरला पोहोचेपर्यंत अडीच तास गेले, आणि तेवढ्या वेळात मी इतक्या देवांची नावे घेतली की काही देव मला नव्यानेच समजले (मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे लक्षात आले की लाज वाटते). डॉक्टर म्हणाले, पोटातला वारा वर चढला, घाबरण्यासारखे काही नाही. पण घाबरला तो आमचा लेक अमृत. भोसरीहून आला आणि चहासुद्धा न घेता म्हणाला, "आता या डोंगरात राहायचं नाही. माझ्याकडं चला." त्याचे घर तिसऱ्या मजल्यावर. गेल्या दिवाळीत ताई तिथे सहा दिवस खिडकीत उभ्या राहून "ह्ये कोन गेलं?" असे विचारत होत्या, आणि ते घरात कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून मी म्हटले, डोंगर उतरतो, पण आपल्याच मुलखात राहतो. त्याने मेअखेरपर्यंत मुदत दिली आणि वर्तमानपत्रातले एक कात्रण हातात ठेवले, 'उतारवयात घर निवडताना'. त्यात बावीस प्रश्न आहेत. जन्मभर मी दुसऱ्यांना प्रश्नपत्रिका दिल्या, त्याचे हे फळ.

जुन्नरच्या बाजारात चांगदेव म्हणून एक गृहस्थ जागा दाखवतात. मनुष्य वाईट नाही, फक्त त्याला कोणत्याही गोष्टीत खोट दिसत नाही. पहिले घर त्याने बाजाराच्या गल्लीत दाखवले. सतरा पायऱ्या, त्याही शिडीसारख्या. मी गुडघ्यांचे बोललो तर म्हणाला, "गुरुजी, व्यायाम होतो. आणि दवाखाना तर तुमच्या पायाखालीच!" कात्रणातला तिसरा प्रश्न दवाखान्याचा होता, मी आनंदाने खूण केली. खाली उतरून पाहतो तर बाकावर एक शेळी, एक कुत्रे आणि त्यांचे मालक. डॉक्टर जनावरांचे निघाले. स्वभावाने मात्र फार चांगले. ताई पायऱ्या उतरून धापा टाकत होत्या, त्यांच्याकडे बघून सवयीने मला म्हणाले, "चारापाणी नीट घेतात ना?" मी ओशाळलो. ताई नाही. परतीच्या गाडीत म्हणाल्या, "चाळीस वर्सांत मला असं कुनी इचारलं न्हाई." आता हा टोमणा मला होता की घराबद्दलची पसंती होती, हे मी नारळासारखे हलवून पाहिले, पण आत काय आहे ते कळले नाही. शेवटी पायऱ्यांमुळे ते घर मी खोडले. ताई गाडीच्या खिडकीतून मागे पडणारा बाजार बघत राहिल्या.

दुसरे घर पेठला, अगदी पुणे-नाशिक रस्त्यावर. तळमजला, नळाला पाणी, मोरीत धरायला दांडीसुद्धा. म्हणजे असणार, कारण आम्ही ते बराच वेळ लांबूनच पाहिले. नारायणगावहून आलेली एस.टी. आम्हाला ज्या बाजूला उतरवते, त्याच्या समोरच्या बाजूला घर. चांगदेव तिथे उभा राहून हात हलवत होता. मध्ये रस्ता. कांद्याचे ट्रक, दुधाचे टँकर, लक्झरी, आणि त्यांच्यातून सुटलीच जागा तर मोटारसायकली. पाऊण तास आम्ही उभे होतो. दोनदा मी पाऊल टाकले आणि दोनदा ताईंनी शर्टाला धरून मागे ओढले (एक बटण तुटले, ते रस्त्यात पडले, ते आणायलाही जाता येईना). अखेर मला युक्ती सुचली. खेडला जाणारी गाडी आली, तिला हात केला. कंडक्टर म्हणाला, "कुठं जायचं, बाबा?" मी म्हटले, "समोर." तो म्हणाला, "समोर सगळंच हाय, तिकीट कुठलं देऊ?" तर आम्ही खेडपर्यंत गेलो, स्टँडवर चहा घेतला, आणि मंचरच्या गाडीने परत येऊन पेठला त्या घराच्या दारात उतरलो. दीड तास लागला. चांगदेव म्हणाला, "बघा, दळणवळण किती चांगलं आहे!" घर खरेच सुरेख होते. पण दुकान, पिठाची गिरणी, देऊळ, सगळे पलीकडे. रोज दळणासाठी खेडमार्गे जायचे का, असे ताईंनी विचारल्यावर मी तेही घर खोडले.

तिसरे घर पिंपरी पेंढारला. बैठे, दोन खोल्या, पडवी, संडास आत. पायऱ्या दोनच. तीन बाजूंनी ऊस. (कात्रणातला नववा प्रश्न: घराभोवती हिरवळ आहे का? खूण केली.) शेजारीण साळुबाई म्हणून आहेत. त्यांनी ताईंचा हात धरून पडवीत बसवले आणि सांगितले, "बाकी काय नाय, दिवस कलला की दार लावायचं. उसात वाघ हाय." वाघ म्हणजे बिबट्या. मी चांगदेवकडे पाहिले. तो म्हणाला, "आहे, पण गुरुजी, चोरांचं भ्या अजिबात नाही." बावीस प्रश्नांत बिबट्या नाही, तेव्हा मला खूण कुठे करावी हे समजेना. मी मागच्या बाजूला पाण्याची टाकी पाहायला गेलो. टाकी मोठी असल्यामुळे जरा वेळ लागला. परत येतो तो तुमच्या ताई आणि साळुबाई बहिणी-बहिणींसारख्या हसत होत्या, आणि ताई मला म्हणाल्या, "ह्येच घर घ्या. मला लई आवडलं."

आता तुम्हीच सांगा. जुन्नरचे घर खोडले तरी ज्यांनी हरकत घेतली नाही, दांडीची मोरी ज्यांना नको झाली, त्यांना बिबट्याचे शेजार आवडते. मी फार विचार केला. आमच्या आळीत पूर्वी अकरा चुली पेटत, आता आमची आणि दादाभाऊंची. दुपारभर ताई गाईशी बोलतात. तेव्हा त्यांना बोलायला माणूस हवे होते, साळुबाई मिळाल्या, असा मी अर्थ लावला आणि होकार दिला. त्यांच्यासाठी म्हणून दिला. माझे म्हणाल तर मला कुठेही चालते. इथल्या दाराला बाहेरून कुलूप कधी लावलेलेच नाही, तेवढे एक विकत आणायचे आहे, आणि ते मी दोनदा विसरलो.

सर्वांना यथायोग्य. लहानांना खाऊ मी आल्यावर.

तुमचा दाजी,
सोमाजी

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. घर ठरवल्याचे अमृतला अजून सांगितलेले नाही. तो मामाचे ऐकतो, बापाचे नाही. तरी तुम्ही बूथवरून फोन करून घराची स्तुती करावी. दोन पायऱ्या, आतला संडास, साळुबाई, भरपूर हिरवळ. त्या हिरवळीत काय आहे ते सांगू नये.

ता. क. दुसरा. त्याने विचारलेच, तर मांजर आहे म्हणावे.

गोरख, मी ताई. पाकिटाला शितं लावायला पत्र माज्याकडं सैपाकघरात आलंय, तवा ह्या चार वळी. आकशरं त्यांनीच शिकवल्याली, चुकलं तर त्यांना हास. समदं वाचलं. टाकीचं खोटं हाय. त्या घरामागं साळा हाय, भितीला लागून. तवा सुट्टी लागली न्हवती, पोरी सतराचा पाढा म्हनत व्हत्या आन सतरा सात्त्याला आडल्या. तर तुजं दाजी भितीकडं पळत गेलं. पळत, गोरख. आन वरनं वरडलं, एकशे एकोनीस! पोरी हसल्या, मंग म्हनल्या, आजोबा फुडं सांगा. एकोनतीसापतुर पाढं झालं. पेन्शनीत निघाल्यापासनं सात वर्सं त्यांचं त्वांड मी आसं बघितलं न्हवतं. माजं मन जुन्नरात व्हतं. बाजार, मानसं, पायऱ्या काय बसत बसत चढले आस्ते. पन त्यांचं त्वांड बघितलं आन म्हनले, मला ह्येच घर आवडलं. त्यांना वाटतंय माज्यासाटी जात्यात. वाटू दे.

आता माजं काम. मला त्या वाघाचं लई भ्याव वाटतं, त्यांना सांगता येत न्हाई. पयलं आठ दिस तू येऊन ऱ्हा. ताईनं काय लिवलं म्हनून इचारलं तर सांग, लोनच्याला कैऱ्या मागितल्या.

आन कैऱ्या खरंच आन, न्हायतर त्यांना सवंशय यील.