सात नंबरची बाटली

३ मार्च, सोमवार
जेवता जेवता लेक म्हणाली, "बाबा, मला म्हातारी माणसं हवीत. निरोगी!" म्हटलं, अगं, म्हणजे जुनं कापड हवं, पण कुठे उसवलेलं नको!

हसली. औषधशास्त्राची प्रोफेसर ती. उभा जन्म मूत्रपिंडाच्या पेशींत गेला — औषधांनी त्या कशा दुखावतात, मग कशा भरून येतात. आता लघवीवरून ती इजा ओळखायची तपासणी काढलीये. रक्तात काही दिसायच्या कितीतरी आधी कळतं म्हणे. बारा वर्षं खपली पोर! आजाऱ्यांचे नमुने झाले, निरोग्यांचे हवेत.

"मी आहे की! आणि आमचा अख्खा बाक आहे."

४ मार्च
बागेतल्या बाकावर विषय काढला. कंडक्टर म्हणाला, "रफूवाले, सुट्टे चालतील ना?" मेला निर्लज्ज! पोस्टमास्तर म्हणाले, "टपाल सकाळचं हवं की दुपारचं?" लोक वळून बघायला लागले. पण दोघं तयार.

मग रोजच्यासारख्या गुडघ्याच्या गोळ्या तिघांनी वाटून घेतल्या. प्रत्येकी सकाळी एक, संध्याकाळी एक. औषधवाला न मागता पाकीट पुढे करतो. लेकीला मात्र कळू देत नाही. घर डोक्यावर घेईल!

१० मार्च
प्रयोगशाळेत गेलो. बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. मी सात, पोस्टमास्तर आठ, कंडक्टर नऊ. नमुने घेणाऱ्या मुलीने विचारलं, "आजोबा, काही औषधं चालू?" तिघं एका सुरात — "छे!" गुडघ्याची गोळी म्हणजे काय औषध? ते तर वंगण!

लेकीने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. पेशींच्या थरावर तिने मुद्दाम ओरखडा काढलेला. कडेच्या पेशी हातपाय पसरत भोकाकडे सरकत होत्या. शाळा चौथीत सुटली माझी, पण हे ओळखलं — "अगं, ही तर रफू!"

"हो बाबा. पण धागा शिल्लक आहे तोवरच."

१९ मार्च
लेक पानावरून उठली. हात कमरेवर, तोंड एवढंसं. "निरोग्यांतले तिघं बिघडलेले दाखवतेय! रक्त तिघांचंही छान. म्हणजे माझी तपासणीच खोटी. शुक्रवारी विद्यापीठाच्या समितीपुढे सांगून टाकते — बंद करा."

"कोण गं तिघं?"

"नावं मला कुठे कळतात! सात, आठ, नऊ."



२० मार्च
बाकावर सांगितलं. कंडक्टर — "उगाच घंटी मारू नकोस!" पोस्टमास्तर — "माझी सून मला बैरंग परत पाठवेल हो!" म्हटलं, तिकडे पोरीची बारा वर्षं उसवतायत आणि तुम्हाला सुनेची पडलीये?

संध्याकाळी पाकीट तिच्यापुढे ठेवलं. "सात मी. आठ-नऊ माझे मित्र. रोज दोन, वर्ष झालं."

तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "बाबा! याच गोळीवर मी जन्मभर —" मग एकदम किंचाळली, "म्हणजे तपासणीने बरोबर पकडलं!" मिठी मारली. सोडून झापलं. पुन्हा मिठी, पुन्हा झाप. माझा नुसता पतंग झाला! शेवटी एकेक गोळी माझ्यादेखत नळाखाली सोडली.

२१ मार्च
समिती खूश. गुडघे बोंबलतायत.

४ एप्रिल
पुन्हा नमुने दिले होते. सातचा आकडा खाली आला! आठ-नऊही उतरणीला. धागा आहे म्हणायचा अजून. कंडक्टर बाकावर उभा राहून ओरडला, "चला, पुढे चला!"

७ एप्रिल
लेकीचा पांढरा कोट धुवायला टाकताना खिसे चाचपले. त्याच गोळीचं दुसरं पाकीट. अर्धं संपलेलं. दिवसभर वाकून बसते — तिची दुखरी कंबर मला कशी दिसली नाही?

नमुने घेणाऱ्या मुलीकडून रिकामी बाटली आणून लेकीपुढे ठेवली. म्हटलं, हिच्यावर नंबर नको. तुझं नाव लिही.