चित्रात न आलेली भीती

पोलादपूर, ४ फेब्रुवारी २०२४

ती. सुशांतदादास,
उज्वलाचा सप्रेम जयभीम. फोन वाजला की छाती धडधडते, म्हणून पत्रच लिहिते. रागावू नकोस.

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांनी कानात येणारे आवाज थांबले त्याला दोन वर्षं झाली. भीती मात्र गेली नाही. बालवाडीत परत शिकवायला जायचं म्हणून चार वेळा साडी नेसून तयार झाले, चारही वेळा ओट्यावरच घाम फुटून बसले. बाबा म्हणतात, आवाज नाय ना येत, मग ही नाटकं हायत. गेल्या खेपेस तूही म्हणालास, मनावर घे. दादा, मनावर घेऊन घेऊनच मी थकले.

आजार आणि भीती दोन्ही असलेल्यांच्या मेंदूची चित्रं काढून मुंबईत रचना तपासतात, असं महाडच्या डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं ना? मला तिथे ने. चित्रात भीती दिसली तर तुम्ही मानाल तरी.

लोभ आहेच, विश्वासही असू दे.
तुझी उज्वला

महाड, १० फेब्रुवारी

चि. उज्वलास आशीर्वाद.
तुझं पत्र एसटी डेपोत जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नाव नोंदवलं आहे, बावीस तारखेला जायचं. गर्दी नको म्हणून गाडी ठरवली. तुझी नीलावहिनीही शेजारी असेल. एमआरआयच्या नळीत बराच वेळ न हलता पडावं लागतं, आवाजही मोठा असतो. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात. जमलं नाही तर परत येऊ.

माया असू दे.
सुशांत

पोलादपूर, ९ मार्च

दादा,
आज मायना लिहायचं बळ नाही. तू फोनवर बाबांना सांगितलंस आणि त्यांनी पडवीतून मला ऐकवलं, फोटोत काय नाय निघालं. नळीत मी दोनदा फुगा दाबला, तिसऱ्यांदा दात आवळून पडून राहिले, ते एवढ्यासाठी? डोक्यात गाठ निघाली असती तर बरं झालं असतं. गाठीला कोणी नाटक म्हणत नाही.

कालपासून जेवले नाही. असं जगण्यात काय आहे, ते तूच कळव.
उज्वला

महाड, ११ मार्च

चि. उज्वला,
हे पत्र आमच्या कंडक्टर राजेंद्रबरोबर पाठवतो, आजच मिळेल. चूक माझी, मी बाबांना अर्धंच सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळ माणसांची चित्रं एकत्र मोजून सरासरीत काही फरक दिसतो का, ते त्या पाहतात. एकाच माणसाच्या चित्रावरून त्याला भीती आहे की नाही हे सांगता येत नाही. चित्र साफ आलं म्हणून भीती खोटी ठरत नाही.

आणखी एक कबूल करतो. चित्र साफच यावं, असं मी मनातून मागत होतो. म्हणजे सगळा तुझाच आळस ठरेल आणि मी सुटेन, असं वाटायचं. काचेपलीकडून तुझे थरथरणारे पाय पाहिले आणि माझी मलाच लाज वाटली. भीतीवर वेगळे उपचार असतात, ते तुला आजवर कोणी दिलेच नाहीत. रविवारी येतो, बाबांशी बोलतो. तोवर दोन घास खा.

तुझा अपराधी भाऊ,
सुशांत

पोलादपूर, १२ मार्च

ती. दादास जयभीम.
पत्र मिळालं. थोडा भात खाल्ला. उत्तर आपणच राजेंद्रभाऊंच्या हाती द्यावं म्हणून सकाळी स्टँडकडे निघाले. तिसऱ्या घरापर्यंत गेले आणि पाय उचलेनात. रस्त्यातच खाली बसले. बाबा धावत आले, ऊठ म्हणाले, लोकं बघतायत. मला उठवायला त्यांनी हात धरला, मग विचारलं, हात एवढा गार कशानं पडलाय गो. ते माझ्या शेजारी रस्त्यातच बसून राहिले.

घरी येऊन हे पत्र पुन्हा लिहिलं, आता बाबाच ते घेऊन स्टँडवर निघालेत. दादा, रविवार फार लांब आहे. उद्याच ये.

वाट पाहणारी,
उज्वला