मन्मथकाकांचा हात

लातूर, रविवार, संध्याकाळ

आज मी मन्मथकाकांना चारचौघांत नको ते बोललो. ज्यांनी मला कॅमेरा धरायला शिकवला, त्यांना. स्वतःचा कंधारचा स्टुडिओ बंद केल्यापासून ते माझ्या कामांवर लाइट लावायला येतात.

औशात साखरपुडा होता. मी नवरीचा फोटो घेत होतो आणि स्टँडवरचा फ्लॅश सॉफ्टबॉक्ससकट निसटून खाली आला. खाली नवरीची चिमुकली भाची बसलेली. वीतभर अंतरानं वाचली पोर. फ्लॅश धरणाऱ्या ब्रॅकेटचा स्क्रू आवळलेलाच नव्हता.

मी ओरडलो, "जमत नसंल तर घरी बसा ना, काका!"

सगळा मंडप बघत होता. काकांनी फ्लॅश उचलला, रुमालानं पुसला, माझ्या हातात दिला आणि न जेवताच एसटीनं निघून गेले.

का ओरडलो मी? पोरीच्या काळजीनं? की चूक माझी नाही, हे लोकांना दिसावं म्हणून?

आत्ता काकूंचा फोन आला. "त्यांच्या हाताला कंप सुटलाय रे, दोन महिने झाले. तुला सांगू नको म्हणले."

दोन महिने तो स्क्रू कसा आवळत असतील? आणि मी एकदाही हात लावून बघितला नाही.

माफी मागायची म्हणून काकांना फोन द्यायला सांगितलं. त्यांनीच आधी विचारलं, "लेकराला लागलं तर न्हाई ना?"

"न्हाई, काका."

"बरं झालं. आता दुसरा माणूस बघ बाबा."

माफी राहिलीच; माझ्या तोंडातून नुसता होकार निघाला, "हाव."